बर्फाने कोणाला वाचवलं?

आपल्याकडे एक वाक्य कायम तयार असतं : "आज ते असते तर..." या 'ते'च्या जागी ज्याने त्याने आपला माणूस बसवायचा. पुढाऱ्याने पक्ष बदलला, शाळेच्या फीचा आकडा कळला, रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली, की हे वाक्य येतंच. ते असते तर त्यांनी आपलीच बाजू घेतली असती, याबद्दल बोलणाऱ्याच्या मनात तिळभर शंका नसते. आणि ते हयात नसल्यामुळे "मी असं कधी म्हणालो?" असं विचारायला कोणी येत नाही.

अमेरिकेने कागदावर का होईना, हे वाक्य खरं करून पाहिलं. मार्च १९६४ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' या कॉमिकच्या चौथ्या अंकात उत्तर अटलांटिकमधून चाललेल्या एका पाणबुडीला पाण्यात वाहत आलेला देह सापडतो. आत ओढून घेतात तर फाटक्या लष्करी कपड्यांखाली निळा, लाल, पांढरा पोशाख. हा कॅप्टन अमेरिका, दुसऱ्या महायुद्धात हिटलरशी लढलेला कॉमिक्समधला नायक. डोळे उघडताच तो माणूस बकी या आपल्या पोरसवदा साथीदाराच्या नावाने ओरडतो. त्याच्या लेखी स्फोट आत्ता झालाय, बकी आत्ता गेलाय. मध्ये बर्फात गोठून वीसेक वर्षं गेली हे त्याला नंतर समजतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर तो एकटाच शहरात चालत सुटतो. संयुक्त राष्ट्रांची इमारत त्याने कधी पाहिलेली नसते. मग रस्त्यावरचा एक पोलीस त्याला ओळखतो, आणि त्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. तू मेलास असं आम्ही समजत होतो, आणि जगाला तुझी गरज असताना नेमका परत आलास, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटतो.

मला त्या अंकात कॅप्टन अमेरिकापेक्षा हा पोलीस जास्त रस घेण्यासारखा वाटतो. "आज ते असते तर" म्हणणारा तो अमेरिकी माणूस आहे, आणि त्याचे 'ते' चक्क समोर उभे राहिलेत. तो रडतो, कृतज्ञ होतो, आणि वाट मोकळी करून देतो. "तू नव्हतास तेव्हा इथे काय काय झालं ते सांगू का?" असं काही तो म्हणत नाही.

साठ वर्षं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जातेय. कॉमिक्समध्ये, मग २०११ पासून चित्रपटांत. तिचा सर्वमान्य अर्थ असा लावतात, की जुन्या काळातला सच्चा माणूस आजच्या तडजोडखोर जगात जागा होतो आणि आपल्याला आरसा दाखवतो. मला हा अर्थ अर्धाच पटतो. युद्ध लढून आलेला माणूस केवळ लढला म्हणून आजच्या जगाचा न्यायाधीश होऊ शकत नाही. मधल्या वर्षांचा हिशेब त्याने मागितला पाहिजे. आणि हा हिशेब त्याच्यासारखेच लढून आलेले, पण ज्यांच्या नशिबी बर्फ नव्हता, असे लोकच देऊ शकतात.

आधी तो जन्मला कसा ते बघू, कारण त्यातच एक जुना नायक आणि त्याच्या मालकीचं भांडण आहे. २० फेब्रुवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकी नाझी समर्थकांच्या 'बुंड' या संघटनेची सभा झाली. वीस हजारांच्या आसपास माणसं जमली. मंचावर मागे टांगलं होतं ते जॉर्ज वॉशिंग्टन यांचं सुमारे तीस फूट उंचीचं चित्र, आणि शेजारी स्वस्तिकं. म्हणजे 'आज वॉशिंग्टन असते तर' हे वाक्य त्या रात्री नाझींच्या तोंडी होतं. त्याच शहरात जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोन तरुण ज्यू चित्रकार काम करत होते. दोघांचेही वडील शिवणकामावर घर चालवणारे. कर्बींचं जन्मनाव जेकब कर्ट्झबर्ग. या दोघांनी जुन्या नायकावरून वाद घातला नाही, नवाच नायक काढला. त्याचा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आला. त्यावर महिना मार्च १९४१ चा छापलेला. पर्ल हार्बर व्हायला अजून जवळपास वर्ष होतं, अमेरिका युद्धात नव्हती, आणि युद्धात पडू नका म्हणणाऱ्या 'अमेरिका फर्स्ट' समितीच्या सभांना गर्दी होत होती.

ते मुखपृष्ठ आजही बघावं असं आहे. कॅप्टनची मूठ हिटलरच्या जबड्यावर बसलीय. हिटलर मागे कोसळतोय. एका सैनिकाची गोळी ढालीवर आपटून उडालीय. जमिनीवर अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचा कागद. मागच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जातोय. कोपऱ्यात बकी सॅल्यूट ठोकतोय. ढाल तेव्हा तिकोनी होती. दुसऱ्या प्रकाशकाच्या नायकाशी साम्य असल्याची तक्रार आल्यावर पुढच्या अंकापासून ती गोल झाली. म्हणजे आज आपल्या पोरांच्या दप्तरांवर दिसणारं ते गोल चिन्ह एका धंदेवाईक कटकटीतून आलंय.

अंक धडाधड खपला, आणि धमक्याही आल्या. कचेरीबाहेर संशयास्पद माणसं घुटमळायला लागली, तेव्हा महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षण देऊ केलं, असं सायमन यांनी लिहून ठेवलंय. कागदावरच्या ठोशासाठी पोलीस बंदोबस्त लागावा, एवढा तो ठोसा त्या दिवसांत जिवंत होता.

युद्ध संपलं आणि नायकाचं काम संपलं. खप घसरला, १९५० पर्यंत मासिक बंद पडलं. १९५३-५४ मध्ये त्याला पुन्हा उभं केलं, या वेळी कम्युनिस्टांना चोपणारा म्हणून. ते चाललं नाही, थोडक्या अंकांत आटोपलं. हे सगळं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. १९६४ मध्ये लेखक स्टॅन ली आणि कर्बी यांनी त्याला बर्फातून काढलं तेव्हा १९५३-५४ च्या त्या अंकांचा उल्लेखसुद्धा केला नाही. कॅप्टन १९४५ मध्ये पाण्यात पडला तो थेट आत्ता उठला, असं ठरवलं.

किती सोयीचं! १९४५ च्या वसंतात झोपलेल्या माणसाला हिरोशिमा पाहावी लागत नाही. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून झालेल्या मॅकार्थीच्या चौकशा, कोरियाचं युद्ध, सगळं टळतं. हिटलरला हरवल्याची स्वच्छ आठवण तेवढी बर्फात जपून राहते. राष्ट्राला आपली एक तरी आठवण अशी निर्जंतुक हवी असते, हे मी समजू शकतो. पण बर्फाने कॅप्टनला जे पाहण्यापासून वाचवलं, ते पाहायला कोणीतरी जागं होतंच.

आणि झोपण्याआधी तो काय बघत होता? त्याच्या अंगात सीरम टोचून त्याला महावीर केलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षांत अमेरिकी रेडक्रॉस गोऱ्यांचं आणि काळ्यांचं रक्त वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवत होता. ही पद्धत १९५० पर्यंत चालली. ज्या सैन्यात कॅप्टन लढला त्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि बहुतेकांच्या वाट्याला हमाली आणि गाड्या हाकणं. जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना काटेरी तारांमागे ठेवलं होतं, आणि त्यांतल्याच कुटुंबांतली मुलं इटलीत आणि फ्रान्समध्ये लढत होती. हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारणाऱ्या पोशाखातल्या माणसाने यातल्या कशावरही तोंड उघडल्याचं त्या काळच्या अंकांत दिसत नाही. लढवय्येपणा आणि न्यायबुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते, असं आपण धरून चालतो.

आता आयझॅक वुडर्ड यांच्याकडे येतो. कॉमिकमधले नाहीत, खरे. पॅसिफिकमध्ये जहाजांवरचा माल उतरवणाऱ्या तुकडीत होते, सार्जंट झाले, पदकं मिळाली. १२ फेब्रुवारी १९४६ ला जॉर्जियातल्या छावणीत त्यांना सन्मानाने निवृत्त केलं आणि त्याच संध्याकाळी ते गणवेशातच दक्षिण कॅरोलायनात घरी जाणाऱ्या बसमध्ये बसले. वाटेत लघवीला उतरायचं म्हणून विचारलं तर ड्रायव्हर खेकसला. यांनी उलट उत्तर दिलं : माझ्याशी माणसासारखं बोल. बॅटसबर्ग गावात ड्रायव्हरने गाडी थांबवून पोलिसांना बोलावलं. तिथल्या पोलीसप्रमुखाने सोट्याने मारलं, त्याचं टोक डोळ्यांत खुपसलं. सकाळी कोठडीत जाग आली तेव्हा वुडर्ड यांना काही दिसत नव्हतं. त्या अवस्थेत त्यांना कोर्टात उभं करून दंड केला. पुढे पोलीसप्रमुखावर खटला झाला. पंचमंडळ सगळं गोऱ्यांचं, निकाल अर्ध्या तासाच्या आत : निर्दोष.

माणसासारखं बोल, एवढंच मागणं होतं. याच्या सहाच दिवसांनंतर, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरचे नौसैनिक उठले. सडकं जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, या त्यांच्या तक्रारी होत्या. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. फक्त, ज्यांना स्वातंत्र्यासाठी लढा म्हणून पाठवलं त्यांनी परत आल्यावर तो शब्द गंभीरपणे घेतला, आणि मालकांना ते आवडलं नाही, हे जगात एकाच आठवड्यात दोन टोकांना घडत होतं. वुडर्ड यांची हकीकत ऐकून अध्यक्ष ट्रूमन हादरले आणि जुलै १९४८ च्या त्यांच्या हुकुमाने सैन्यातली वर्णभेदाची फाळणी संपवायला सुरुवात झाली. त्या पोलीसप्रमुखाचा खटला ज्यांच्यासमोर चालला ते न्यायाधीश वॉटीज वेरिंग तर मुळापासून बदलले, आणि शाळांमधल्या विभक्तीविरुद्धच्या लढाईत पुढे त्यांचा आवाज महत्त्वाचा ठरला. कॅप्टन अमेरिकाची ही सगळी कामं कॅप्टन झोपलेला असताना झाली, आणि एका आंधळ्या झालेल्या सार्जंटमुळे झाली.

ज्या सरकारी योजनेने लाखो परतलेल्या सैनिकांना घरं आणि पदव्या दिल्या, तिचंही एक टोक बघा. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली. माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली होती २.

त्याच मिसिसिपीतले मेडगर एव्हर्स. फ्रान्समध्ये सैन्यात होते. परत आले, एकवीस पूर्ण झाले त्या दिवशी, जुलै १९४६ मध्ये, भावाला आणि मित्रांना घेऊन मतदानाला गेले, तर दारात हत्यारबंद गोरे. परत फिरावं लागलं. पुढे ते नागरी हक्कांच्या चळवळीतलं मोठं नाव झाले. १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सनमधल्या त्यांच्या घराच्या अंगणात त्यांना पाठीत गोळी घातली. गोळी घालणारा बायरन डी ला बेकविथ हासुद्धा दुसऱ्या महायुद्धातला सैनिक होता. मरीन. पॅसिफिकमध्ये जखमी होऊन पदक मिळवलेला. १९६४ मध्ये त्याच्यावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा गोऱ्या पंचांचं एकमत होईना. शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं.

म्हणजे ज्या महिन्यांत न्यूयॉर्कच्या पेपरवाल्याकडे बर्फातून निघालेला वीर लटकत होता, त्याच महिन्यांत मिसिसिपीच्या कोर्टात त्याच युद्धाचा एक वीर दुसऱ्या वीराच्या खुनासाठी उभा होता. युद्ध एक, झेंडा एक, पदकं दोघांनाही. युद्धातली पिढी थोर होती, असं सरसकट म्हणणाऱ्याला मला विचारावंसं वाटतं, की यातला कोणता?

कॉमिक्सवाल्यांनी हाच प्रश्न आठ वर्षांनी विचारला, आणि गंमत म्हणजे एका हिशेबाच्या चुकीतून विचारला. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट यांच्याकडे कॅप्टनचं लेखन आलं. व्हिएतनाम चालू होतं, झेंडा अंगावर घालणाऱ्या नायकाचं काय करावं हे कोणाला सुचत नव्हतं. एंगलहार्ट स्वतः सैन्यात जाऊन, विवेकाला पटत नाही म्हणून रीतसर बाहेर पडलेले. त्यांच्यासमोर जुनं कोडं होतं. कॅप्टन जर १९४५ पासून बर्फात होता, तर १९५३-५४ मध्ये कम्युनिस्टांना चोपत होता तो कोण?

उत्तर असं निघालं : तो दुसराच. कॅप्टनचा एक कट्टर भक्त. नाझी कागदपत्रांत सीरमचं सूत्र त्याला सापडलं, त्याने शस्त्रक्रियेने चेहरासुद्धा कॅप्टनसारखा करून घेतला. पण सीरमबरोबरची किरणांची प्रक्रिया राहिली आणि डोकं फिरलं. प्रत्येक माणसात त्याला देशद्रोही दिसायला लागला, काळ्या लोकांवर तो हात टाकायला लागला. शेवटी सरकारनेच त्याला गोठवून ठेवलं. आणि १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन लाल चीनला गेले म्हणून चिडलेला एक माणूस त्याला जागं करतो! "आज ते असते तर" म्हणणारा दुसरा माणूस हाच.

मग दोन कॅप्टन समोरासमोर येतात. एकच चेहरा, एकच पोशाख. दोघेही गोठलेले होते, दोघेही जागे झालेत, दोघांचंही देशावर प्रेम आहे. फरक एवढाच, की पहिल्याने जागा झाल्यावरची आठ वर्षं लोकांत काढलीत. त्याचा जोडीदार सॅम विल्सन आहे, हार्लेममधला काळा तरुण, १९६९ पासून 'फाल्कन' नावाने त्याच्याबरोबर. हार्लेमच्या गल्ल्यांत लोक कॅप्टनबद्दल काय बोलतात हे त्याला सॅममुळे ऐकावं लागलंय, आणि ते काही कौतुकाचं नव्हतं. दुसरा जागा झाला तोच उत्तरं घेऊन. तो स्वतःलाच खरा समजतो, आणि मूळ कॅप्टन त्याला फितूर वाटतो. पुढे दुसऱ्या लेखकांनी या माणसाला एका खलनायकाच्या कह्यात जाऊन नवनाझी टोळीचा म्होरक्या झालेला दाखवलं. हिटलरला ठोसा मारणाऱ्या पोशाखाची एक वाट तिथेही जाते, हे मान्य करायला धाडस लागतं. नाक्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त मासिकाने ते केलं.

अशी वाट नुसती कथेतच असते असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदेवर जमाव चालून गेला तेव्हा त्यात कॅप्टन अमेरिकाच्या खुणा मिरवणारे होते. कर्बी यांचा मुलगा नील यांनी जाहीर निषेध केला : माझ्या वडिलांना हे पाहून शिसारी आली असती. मॅडिसन स्क्वेअरमधलं वॉशिंग्टन यांचं चित्र आठवतं. त्याला उत्तर म्हणून जन्मलेला नायक ऐंशी वर्षांनी स्वतः त्या चित्राच्या जागी टांगला गेला. आणि नील यांनाही "वडील असते तर" असंच म्हणावं लागलं, यात मला दुःखद असं काहीतरी वाटतं. त्यांना तो हक्क आहे, वडील त्यांचे होते. पण समोरच्या जमावालाही आपल्याला तोच हक्क आहे असं वाटत होतं.

कर्बींची आठवण निघालीच आहे तर एक सांगतो. कॅप्टन बर्फात वीस वर्षं पडून राहिला आणि ताजातवाना उठला. कर्बी १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत उतरले, जनरल पॅटन यांच्या सैन्यात. चित्र काढता येतं म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना पुढे जाऊन टेहळणीचे नकाशे काढायला लावलं. त्या हिवाळ्यात त्यांचे पाय इतके गारठले की कापावे लागतात की काय अशी वेळ आली. बर्फ काय करतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो बर्फ चितारलाय. आणि ज्याला त्यांनी घडवलं त्याची मालकी त्यांच्याकडे राहिली नाही. सायमन यांना हक्कांसाठी पुन्हा पुन्हा कोर्टात जावं लागलं, कर्बींच्या वारसांचा कंपनीशी वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. त्याआधीच, २००९ मध्ये, डिस्नेने चार अब्ज डॉलरला आख्खी मार्व्हल, म्हणजे ती कंपनीच, घेतली होती.

इथे कोणी म्हणेल, मग संपलंच की. चार अब्जांच्या मालाकडून तुम्ही कसली विवेकबुद्धी मागताय? पॉपकॉर्न खा आणि घरी जा. हा आक्षेप मी उडवून लावत नाही, कारण पैसा वाढला तशी धार बोथट झाली हे दिसतंच. १९७४ च्या अंकांत कॅप्टन एका गुप्त कटाच्या सूत्रधाराचा पाठलाग करत व्हाइट हाऊसमध्ये पोहोचतो. मुखवटा उतरतो, चेहरा वाचकाला दाखवत नाहीत, आणि तो माणूस स्वतःवर गोळी झाडतो. त्यावर कॅप्टन पोशाख उतरवतो आणि काही काळ 'नोमॅड', म्हणजे देश नसलेला माणूस, म्हणून फिरतो. तो अंक जुलैचा. ९ ऑगस्टला निक्सन यांचा राजीनामा अमलात आला. नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजही नव्हती.

चाळीस वर्षांनी, २०१४ च्या 'विंटर सोल्जर' चित्रपटात, सरकारी हेरखातं आकाशात तरंगत्या तोफा उभारतं. कोण पुढे जाऊन गुन्हा करील हे माहितीच्या साठ्यावरून ठरवायचं आणि आधीच मारायचं. आदल्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रं जगापुढे ठेवली होती, त्यामुळे चित्रपटगृहात बसलेल्याला वेगळं काही समजावावं लागत नव्हतं. हे स्वातंत्र्य नाही, ही भीती आहे, असं कॅप्टन तोंडावर सांगतो. इथवर उत्तम. मग उलगडा होतो, की हे सगळं 'हायड्रा'ने केलंय. नाझींच्या काळातली गुप्त संघटना, जी युद्धानंतर खात्यात आतून शिरली. झालं! पाप आपलं नव्हतं, बाहेरून आलेल्यांचं होतं. खरी अमेरिका मात्र युद्धानंतर सुमारे सोळाशे जर्मन शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांना राजीखुशीने घेऊन आली होती, त्यांतले कित्येक नाझी पक्षाचे सदस्य. ते शिरले नव्हते, त्यांना बोलावलं होतं. चित्रपटात त्या योजनेचा ओझरता उल्लेख येतो आणि गाडी पुढे जाते. स्वच्छ आठवणीची राखण करणारा बर्फ इथे पुन्हा लागतो.

तरीही मी हा नायक टाकून द्या म्हणणार नाही, कारण त्याच चित्रपटात एक छोटी वही आहे. सुरुवातीला कॅप्टन सकाळी धावायला जातो, तिथे सॅम विल्सन भेटतो. चित्रपटातला सॅमही माजी सैनिक, पण नंतरच्या युद्धांतला. दोघे गवतावर बसून बोलतात, गादी फार मऊ लागते, झोप येत नाही वगैरे. कॅप्टनच्या खिशात वही आहे. झोपलेल्या काळात राहून गेलेल्या गोष्टी त्यात लिहून ठेवल्यात : चांद्रविजय, बर्लिनची भिंत (बांधली आणि पाडली), स्टीव्ह जॉब्ज, डिस्को, थाई जेवण. वेगवेगळ्या देशांत दाखवलेल्या प्रतींत ही यादी थोडी वेगळी होती. ब्रिटनमध्ये तिथला फुटबॉल विश्वचषक, कोरियात तिथला खेळाडू. यादी म्हणजे जाहिरातखात्याचं काम, हे उघड आहे. अमेरिकी यादीत हिरोशिमा नाही. व्हिएतनाम नाही. वुडर्ड, एव्हर्स यांची अपेक्षाच नको. पण शेवटची नोंद कॅप्टनने स्वतःच्या मनाने केलेली नाही. राहून गेलेलं सगळं एकाच आल्बममध्ये ऐकायला मिळेल म्हणून सॅम त्याला गायक मार्व्हिन गेचं एक ध्वनिमुद्रण सुचवतो, आणि कॅप्टन वही काढून लिहून घेतो. सूचना द्यायच्या सवयीचा माणूस दुसऱ्या सैनिकाचं ऐकून पेन उघडतो. त्या पोलिसाने जे १९६४ मध्ये केलं नाही, ते सॅम दोन वाक्यांत करतो.

हे वही काढणं कॉमिक्समध्ये एकदा फार जास्त गंभीरपणे झालंय. २००३ च्या 'ट्रूथ' या मालिकेत रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी सांगितलं, की कॅप्टनचं सीरम जमवताना सैन्याने काळ्या सैनिकांवर गुपचूप प्रयोग केले. पाठीमागे टस्कीगीचं सत्य होतं : तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं निरखलं. कथेतला आयझाया ब्रॅडली प्रयोगातून वाचतो, कॅप्टनचा पोशाख चोरून घालून एका मोहिमेवर जातो, आणि परत आल्यावर त्याला बक्षीस म्हणून सतरा वर्षांची एकांतकोठडी मिळते. तोंड बंद ठेवायच्या अटीवर सोडतात. त्या पोशाखात काळा माणूस दाखवला म्हणून काही वाचक भडकले होते. शेवटी कॅप्टनला हे कळतं आणि तो ब्रॅडलीच्या घरी जातो. तोवर सीरमने ब्रॅडलीची बुद्धी पोखरलीय. तो उत्तर देऊ शकत नाही. कॅप्टन फाटका पोशाख परत देतो, आणि दोघे शेजारी उभे राहून फोटो काढतात. उशीर झालाय हे लपवायचा कोणी प्रयत्न करत नाही. त्या फोटोतला कॅप्टन मला मान्य आहे.

खरे वुडर्ड आंधळे झाल्यावर न्यूयॉर्कला आले. सायमन-कर्बींच्या शहरात, ब्राँक्समध्ये, १९९२ मध्ये वारले. त्यांच्या आयुष्यातली शेहेचाळीस वर्षं अंधारात गेली. २०१९ मध्ये बॅटसबर्गमध्ये, जिथे त्यांना बसमधून उतरवलं होतं त्याच्याजवळ, एक स्मारक-फलक लावलाय. त्यावर घटनेची हकीकत उठावाच्या अक्षरांत आहे, आणि खालच्या भागात ब्रेलमध्ये. तिथे उभं राहून डोळे मिटले तर ती बोटांनी वाचता येते.